बांधापलीकडून आलेल्या जनुकाचा भुर्दंड आम्ही का भरायचा? कृषिमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : जनुकीय सुधारित पिकांमुळे सेंद्रिय मालात होणारी भेसळ आणि तिची जबाबदारी

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी बार्शी तालुक्यातली शेतकरी. घरची कोरडवाहू जमीन, एक विहीर आणि बऱ्याच वर्षांपासून पूर्ण सेंद्रिय शेती. रब्बीला ज्वारी, हरभरा, करडई. खरिपाला तूर, उडीद आणि एका तुकड्यात बिगर बीटी कपाशी. (बीटी म्हणजे बोंडअळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेली कपाशी; आमची तशी नाही.) आमच्या पंचक्रोशीतल्या शेतकऱ्यांचा एक गट आहे आणि गटाकडे केंद्राच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचं, म्हणजे एनपीओपीचं प्रमाणपत्र आहे. हे पत्र टपालानंही पाठवलंय. तरीही ते सगळ्यांसमोर ठेवतेय, कारण हा प्रश्न माझ्या एकटीच्या बांधाचा नाही.

यंदा खरीपपूर्व बैठकीत मी एक प्रश्न विचारला. शेजारच्या रानातल्या बीटीमुळे माझ्या सेंद्रिय मालात भेसळ निघाली, तर नुकसान कोणी भरायचं? उत्तर मिळालं, "ताई, प्रमाणपत्र तुम्ही हौसेनं घेतलंय. सांभाळायचं कसं, ते तुम्हीच बघा." बोलणारा माणूस वाईट नव्हता. त्याला दाखवता येईल असा एकही नियम नाही, म्हणून तो तसं बोलला. माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही. नियमच नाही, ही तक्रार आहे, आणि नियम करणं तुमच्या हातात आहे.

आज रीत अशी पडली आहे की माल निर्भेळ ठेवायचा सेंद्रिय शेतकऱ्यानं, त्यासाठी बांधाकडेच्या ओळी सोडायच्या त्यानं, तपासणीचे पैसे भरायचे त्यानं, आणि एवढं करून भेसळ निघालीच तर भाव गमवायचा तोही त्यानंच. ज्या बियाण्यातून ते जनुक बाहेर पडलं ते तयार करणाऱ्यावर, विकणाऱ्यावर आणि त्याला परवानगी देणाऱ्यावर कसलीही जबाबदारी नाही. ही रीत उलटी करा. माझं सगळं म्हणणं यात आलं. पुढे लिहितेय ते यामागची कारणं आणि नेमकं काय करता येईल, हे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. बीटी लावणाऱ्या शेजाऱ्यांशी माझं भांडण नाही. आमच्या बांधाला बांध लागून असलेले आण्णा बीटी लावतात. त्यांच्या घरी लग्न असलं की आम्ही असतो, आमच्या विहिरीची मोटर जळाली की त्यांचं पाणी आम्हाला मिळतं. त्यांनी काय पेरावं हे मी ठरवणार नाही. पण त्यांच्या पेरणीतून माझं नुकसान झालं, तर आम्ही दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवत बसायचं आणि बियाणं विकणारा मोकळा राहायचा, हे मला मान्य नाही. नियम नसला की भांडण शेजाऱ्याशेजाऱ्यांतच लागतं. गावात राहणाऱ्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको.

आता आमच्याकडे काय झालं ते. कापूस वेचून झाल्यावर खरेदीदाराचा माणूस नमुना घ्यायला वस्तीवर आला. ओसरीवर बसून त्यानं आमच्या कापसातली सरकी काढली, कुटून बारीक केली, एका छोट्या नळीत द्रावण घालून हलवली आणि त्यात कागदाची अरुंद पट्टी उभी केली. पट्टीवर एक रेघ आली तर माल स्वच्छ. दोन आल्या तर त्यात बीटीचं प्रथिन आहे. थोड्या वेळानं दुसरी रेघ उमटली. फिकट होती, पण होती. त्यानं दुसऱ्या ढिगातला नमुना घेतला, तिथंही तेच. कापूस सेंद्रिय म्हणून उचलला गेला नाही. बाजारात साध्या कापसाच्या भावानं गेला. माझ्या एकटीचाच नाही. लॉट गटाचा असतो, त्यामुळे ज्यांच्या रानात काहीच निघालं नव्हतं त्यांचाही. त्यात दोन घरं अशी आहेत, जिथं बाईच्या एकटीच्या जिवावर शेती चालते. त्यांच्या दारात जाऊन हे सांगायचं काम माझ्याकडे आलं.

भेसळ आली कुठून? याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही, कारण वाटा तीन आहेत. पहिली, बिगर बीटी म्हणून विकत घेतलेल्या पिशवीतच बीटीचं बी असणं. दुसरी, फुलांतून. कपाशीचा पराग जड आणि चिकट असतो, वाऱ्यावर फारसा उडत नाही. पण मधमाश्या आणि भुंगे तो घेऊन फिरतात. आमच्या जिल्ह्यात डाळिंबाचा बहार धरला की लोक मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं आणून बागेत ठेवतात. माशी कुठवर जाते हे इथल्या माणसाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. तिसरी वाट पोत्यांची, ट्रॉलीची, जिनिंगची. कोणाच्या तरी कापसानंतर आपला कापूस त्याच ट्रॉलीत पडतो, चार सरक्या फळीच्या फटीत राहिलेल्या असतात.

यातली फुलांची वाट सगळ्यात अवघड, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. परागानं आलेलं जनुक त्या वर्षीच्या झाडात नसतं. पानं तपासली तर झाड स्वच्छ दिसतं. जनुक बसतं ते सरकीत. ती सरकी घरचं बी म्हणून ठेवली आणि पुढच्या वर्षी पेरली, की ते अख्खं झाड बीटीचं उगवतं, आणि मग त्याचा पराग माझ्याच रानात फिरायला लागतो. ज्याला बी विकत घ्यायचं नाही, घरचं ठेवायचं आहे, त्याला हा फटका दरवर्षी वाढत जातो. कांद्याचं बी धरणाऱ्या आमच्याकडच्या बायकांना हे चांगलं ठाऊक आहे. लाल आणि पांढऱ्या कांद्याचे गोंडे जवळ आले तर बी बिघडतं, म्हणून त्या आधी शेजाऱ्याला विचारून घेतात. कपाशीच्या बाबतीत विचारायची सोयच नाही, कारण कोणी काय लावलंय याची नोंद कुठंच नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली अंतराची. सर्वोच्च न्यायालयानं 2007 मध्ये जनुकीय सुधारित पिकांच्या शेतातल्या चाचण्यांसाठी 200 मीटर अंतर राखायला सांगितलं. बियाणं प्रमाणीकरणाचे नियम वेगळे आहेत. तिथं कपाशीच्या सुधारित वाणाच्या प्रमाणित बियाण्यासाठी 30 मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी 50 मीटर अंतर लागतं, मक्याच्या प्रमाणित बियाण्यासाठी 200 मीटर. म्हणजे दोन पिकं जवळ आली की मिसळतात, हे सरकारला मान्य आहे आणि आकड्यासकट मान्य आहे. पण तेच पीक चाचणीतून बाहेर येऊन बाजारात विकलं जायला लागलं की शेजारच्या सेंद्रिय रानापासूनचं अंतर शून्य होतं.

बरं, हे अंतर आम्हीच राखायचं ठरवलं तर? एक एकर चौकोनी रान घ्या. त्याच्या चारही बाजूंना 30 मीटर सोडायचे तर सगळी मिळून पावणेचार एकरांहून जास्त जमीन लागते. 200 मीटर सोडायचे तर सुमारे 53 एकर. महाराष्ट्रात सरासरी खातं 1.34 हेक्टरचं आहे, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. आमच्या शिवारात भावाभावांच्या वाटण्या होऊन पट्टे पडलेत. काही रानं इतकी अरुंद की औत वळवायलाही शेजाऱ्याच्या बांधावर जावं लागतं. अशा ठिकाणी 'सेंद्रिय शेतकऱ्यानं अंतर सोडावं' असं म्हणणं म्हणजे त्यानं सेंद्रिय शेती सोडावी असंच म्हणणं आहे.

दुसरी तक्रार मला जास्त लागते. बोंडअळीला बीटीची सवय होऊ नये म्हणून सरकारनं सुरुवातीपासून नियम केला होता. बीटीच्या प्लॉटभोवती पाच ओळी किंवा 20 टक्के क्षेत्र, यांत जे जास्त असेल तेवढं बिगर बीटी लावायचं. त्यासाठी 450 ग्रॅम बीटीच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगर बीटीचं छोटं पाकीट यायचं. बहुतेकांनी ते बांधावर टाकून दिलं, कोणी तपासलं नाही. पुढे गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते 2017 मध्ये विदर्भानं पाहिलं. नंतर तर दोन्ही बिया एकाच पिशवीत मिसळून द्यायला सुरुवात झाली. मला यात दिसतं ते हे, की तंत्रज्ञान टिकावं म्हणून शेताच्या कडेला काय लावायचं याचा नियम करता येतो. शेजारचा माणूस टिकावा म्हणून मात्र त्याच कडेबद्दल आजवर एक ओळ लिहिली गेलेली नाही.

तिसरी, चोर बीटीची. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीला देशात परवानगी नाही. तरी खरीप आला की बिलाशिवाय पाकिटं फिरतात, हे तुमच्या खात्यालाही ठाऊक आहे. दरवर्षी धाडीच्या बातम्या येतात. 2019 मध्ये अकोला जिल्ह्यात तर शेतकऱ्यांनी जाहीर कार्यक्रम करून ती पेरली. खुरपणीची मजुरी परवडत नाही, ही त्या शेतकऱ्यांची अडचण खरी आहे. मी स्वतः खुरपायला बायका शोधत फिरते, मला ती माहीत आहे. पण बिगर परवान्याचं जनुक माझ्या कपाशीत आलं तर मी कोणाकडे जायचं? पाकिटावर नाव नाही, बिल नाही, दुकानदार म्हणतो मी विकलंच नाही. धाडीत पकडलेल्या मालाचा पंचनामा होतो. पेरून उगवलेल्या आणि शेजारी पसरलेल्या मालाचा होत नाही.

आणि हे आजचं नाही. बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली मार्च 2002 मध्ये, पण त्याच्या आधीच्या वर्षीच गुजरातमध्ये विनापरवाना बीटी कपाशी हजारो एकरांवर उभी सापडली होती. बीटी वांग्याला केंद्रानं 9 फेब्रुवारी 2010 रोजी स्थगिती दिली, तरी 2019 मध्ये ते हरियाणातल्या फतेहाबादला शेतात निघालं. आधी बियाणं रानात जातं, मग परवानगीची चर्चा होते, आणि एव्हाना पसरलंच आहे म्हणून मान्यता द्या असं म्हटलं जातं. भेसळ हाच मान्यतेचा मार्ग होत असेल, तर निर्भेळ राहायची धडपड करणाऱ्याला सरकारच हरवतंय.

चौथी, बियाण्याची. तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्रात जाऊन बिगर बीटी कपाशीचं बी मागून पाहा. दुकानदार आधी तुमच्याकडे बघतो, मग नाही म्हणतो. देशातली नव्वद टक्क्यांहून जास्त कपाशी बीटी असल्यावर दुसरं बी ठेवायचं कोणासाठी, हा त्याचा प्रश्नही बरोबर आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं सुरज, अकोल्याचं रजत, असे सुधारित वाण आहेत, पण पुरेसं बी मिळत नाही, आणि मिळालं तरी त्यात बीटीचा अंश नाही याची चिठ्ठी पिशवीवर नसते. एक वाट आहे, देशी कपाशीची. देशी कपाशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात आणि बीटी आहे ती अमेरिकन कपाशी चार संचांची, त्यामुळे त्यांचा संकर सहजासहजी होत नाही. पराग आला तरी देशी कपाशी बऱ्याच अंशी आपोआप सुरक्षित राहते. राज्यानं खरंच मनावर घेतलं असतं तर सेंद्रिय गटांना देशी वाणांचं बी, आखूड धाग्याला गिऱ्हाईक आणि वेगळं जिनिंग एवढं मिळवून देणं अवघड नव्हतं. सोलापूर तर कापडाचं गाव. इथल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे. इथल्याच सेंद्रिय कापसाला इथं वेगळं जिनिंग मिळू नये?

पाचवी, पुराव्याची. भेसळ कुठून आली हे सिद्ध करायचं ओझंही आमच्यावरच. जनुक कोणतं, कोणाच्या बियाण्यातलं, हे ठरवायला पीसीआर, म्हणजे जनुक ओळखणारी प्रयोगशाळेतली तपासणी लागते. तिचा खर्च लहान शेतकऱ्याला झेपत नाही. पट्टीची तपासणी स्वस्त आहे, नागपूरच्या त्याच संस्थेनं बीटी ओळखायचे संच कधीच तयार केलेत. ते तालुक्याच्या कृषी कार्यालयात का नसावेत?

हे सगळं कापसाचं झालं आणि कापूस आपण खात नाही असं कोणी म्हणेल. सरकीचं तेल खातो, आणि सरकी पेंड आमच्या गाई-म्हशी खातात. सेंद्रिय दुधाचं प्रमाणपत्र घ्यायचं तर जनावराला जनुकीय सुधारित पेंड चालत नाही. बाजारातली कोणती सरकी पेंड बिगर बीटी आहे, हे मला कोणी दाखवावं. पण माझी खरी भीती पुढच्या पिकांची आहे. जनुकीय सुधारित मक्याच्या चाचण्यांना देशात परवानगी मिळालेली आहे. मका आज सोलापूर जिल्ह्यात मुरघासासाठी आणि दाण्यासाठी बांधोबांध आहे, आणि त्याचा पराग वाऱ्यावर जातो. मक्याच्या कणसावरचा एकेक दाणा एकेका परागकणानं भरतो, म्हणजे शेजारचं जनुक त्याच हंगामात माझ्या कणसात येतं. जनुकीय सुधारित मका बांधापलीकडे आला की सेंद्रिय मका घेणं आमच्यासारख्या लहान पट्ट्यांत जवळपास संपेल. आणि ज्वारी? आज बाजारात जनुकीय सुधारित ज्वारी नाही, पण प्रयोगशाळांत त्यावर काम झालेलं आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी 35-1 आजही आमच्या काळ्या रानात कणसं निवडून, घरचं बी ठेवून पेरली जाते. ज्वारीत परपरागण कमी असलं तरी होतंच. या पिकाच्या बाबतीत चूक झाली तर परत फिरता येणार नाही, म्हणून कापसापेक्षा मी ज्वारीसाठी जास्त जीव तोडून लिहितेय.

जनुक संपादित, म्हणजे पिकाच्या स्वतःच्याच जनुकात बदल केलेल्या पिकांचं थोडक्यात. मार्च 2022 मध्ये केंद्रानं त्यातल्या काही प्रकारांना 1989 च्या जैवसुरक्षा नियमांतून सूट दिली आणि मे 2025 मध्ये भाताचे असे दोन वाण जाहीरही झाले. त्यांत परकं जनुक नाही, असं शास्त्रज्ञ सांगतात. ते असू दे. पण पिशवीवर तसं लिहिलेलं तरी हवं, म्हणजे ज्याला नको त्याला टाळता येईल.

जगात काय होतं याची दोन उदाहरणं देते, कारण आपल्याकडेही हेच वाद येणार आहेत. पश्चिम ऑस्ट्रेलियात कोजोनप इथं स्टीव्ह मार्श नावाचा सेंद्रिय शेतकरी होता. 2010 मध्ये शेजारच्या रानातून जनुकीय सुधारित कॅनोला (मोहरीसारखं तेलबियांचं पीक) वाऱ्यानं त्याच्या शेतात आला आणि त्याच्या सुमारे 70 टक्के जमिनीचं प्रमाणपत्र गेलं. तो न्यायालयात गेला. 2014 मध्ये हरला, 2015 मध्ये अपिलातही हरला, कारण शेजाऱ्यानं जे केलं ते कायद्यानं मोकळं होतं. कॅनडातल्या सस्कॅचवानमध्ये सेंद्रिय कॅनोला जवळजवळ बंदच पडला. उलट जर्मनीत जनुकीय सुधारित पीक कुठे लावलंय याची नोंद सार्वजनिक असते आणि भेसळ झाली तर ते पीक लावणारा भरपाईला बांधील असतो. म्हणजे कायदा करता येतो. तो केला नाही तर शेवटी न्यायालयही शेतकऱ्याला 'तुम्हीच बघा' असंच सांगतं.

आपल्या देशानंही कबूल केलेलं आहे. जनुकीय सुधारित जीवांमुळे होणाऱ्या हानीची जबाबदारी आणि भरपाई यांबद्दलचा नागोया-क्वालालंपूर पूरक करार भारतानं 2014 मध्ये मान्य केला आणि तो मार्च 2018 पासून लागू आहे. आपला 2001 चा पीक वाण संरक्षण कायदा अजाणतेपणी झालेल्या उल्लंघनासाठी शेतकऱ्याला दोषी धरत नाही, ही चांगली गोष्ट. पण माझं जे नुकसान झालं त्याची भरपाई कोण देणार, यावर तो काही बोलत नाही. सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या तज्ज्ञ समितीनं 2013 मध्ये तणनाशक सहन करणारी पिकं आपल्या परिस्थितीला योग्य नाहीत असं सांगितलं होतं. आणि 23 जुलै 2024 रोजी जनुकीय सुधारित मोहरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं मत वेगवेगळं पडलं, तरी एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं: केंद्रानं राज्यांशी, शेतकऱ्यांशी बोलून जनुकीय सुधारित पिकांचं राष्ट्रीय धोरण करावं. त्या धोरणावर महाराष्ट्र काय म्हणणार आहे? आमच्या गावात कोणी विचारायला आलेलं नाही.

एकीकडे राज्यानं 2023 च्या अर्थसंकल्पात 25 लाख हेक्टर नैसर्गिक शेतीखाली आणायचं जाहीर केलं. केंद्राच्या नैसर्गिक शेती अभियानाला नोव्हेंबर 2024 मध्ये 2,481 कोटींची मंजुरी मिळाली. आम्हाला शेणखत, जीवामृत, गांडूळखत शिकवायला प्रशिक्षणं होतात, फोटो निघतात. आणि रासायनिकातून सेंद्रियकडे वळण्याच्या रूपांतरणात काही वर्षं घालवून, उत्पन्नातली घट सोसून उभा राहिलेला माल पट्टीवरच्या एका रेघेनं साध्या भावात जातो, तेव्हा तेच खाते म्हणतं नियम नाही. आम्हाला सेंद्रियकडे वळा म्हणून सांगितलं असेल, तर वळल्यावर राखायची जबाबदारीही घ्या.

मागण्या अशा आहेत आणि त्यांतल्या बहुतेक राज्याच्या अधिकारातल्या आहेत.

ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची मोबाईलवरून सातबाऱ्यावर नोंद, राज्यात 2021 पासून चालू आहे. त्यात पिकाबरोबर बियाणं बीटी की बिगर बीटी, आणि क्षेत्र सेंद्रिय प्रमाणित आहे का, हे दोन रकाने वाढवा. गाव नकाशावर ते सगळ्यांना दिसू द्या. नवा कर्मचारी लागणार नाही, नवं ॲप लागणार नाही.

भरपाई निधी उभा करा, तोही बियाणं कंपन्यांकडून. 2025 मध्ये 475 ग्रॅम बीटी पाकिटाची कमाल किंमत 901 रुपये होती. या पाकिटामागे तंत्रज्ञानाच्या मालकाला किती रुपये द्यायचे हे सरकार वर्षानुवर्षं ठरवत आलं: 2016 ला 49 रुपये, 2018 ला 39, 2019 ला 20, आणि 2020 पासून शून्य. मालकासाठी पाकिटामागचा रुपया मोजता येत होता, तर भेसळीत नुकसान झालेल्यासाठीही मोजता येईल. हा पैसा पाकिटाची किंमत वाढवून शेतकऱ्याच्या खिशातून काढू नका. कंपनीच्या वाट्यातून घ्या. महाराष्ट्राकडे 2009 चा स्वतंत्र कापूस बियाणे कायदा आहे, त्यात दुरुस्ती करता येते. भरपाई मिळायला भेसळ निघाल्याचा दाखला पुरेसा धरा. कोणाच्या रानातून आली हे सिद्ध करायची अट घातलीत, तर निधी असून नसल्यासारखा होईल आणि आण्णा आणि मी एकमेकांविरुद्ध तलाठ्याच्या दारात उभे राहू.

तालुका कृषी कार्यालयात पट्टीची तपासणी मोफत करा, आणि जिल्ह्यात निदान एका ठिकाणी पीसीआरची सोय सरकारी दरात. बिगर बीटी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पिशवीवर बीटी अंशाच्या तपासणीचा निकाल छापणं सक्तीचं करा. राहुरी, अकोला आणि परभणीच्या कृषी विद्यापीठांना देशी आणि सुधारित बिगर बीटी वाणांच्या बियाण्याचं उद्दिष्ट ठरवून द्या, आणि ते बी मे महिन्याच्या आत गटांच्या हातात पडू द्या. जूनमध्ये आलेल्या बियाण्याचा उपयोग नाही.

चोर बीटीच्या धाडी दुकानापाशी थांबू नयेत. जिथे ते उगवलंय त्याच्या आजूबाजूच्या सेंद्रिय रानांची तपासणी सरकारी खर्चानं व्हावी. पेरलेल्या शेतकऱ्याला तुरुंगात घाला असं मी म्हणत नाही. विकणाऱ्यापर्यंत पोचा.

शेतातल्या चाचण्यांसाठी राज्याचं ना हरकत लागतं. जबाबदारी आणि भरपाईचा कायदा होईपर्यंत मक्यासारख्या वाऱ्यावर पराग जाणाऱ्या पिकांच्या चाचणीला ते देऊ नका. आणि सोलापूर जिल्ह्यातला ज्वारीचा पट्टा, निदान मंगळवेढ्याच्या मानांकनातलं क्षेत्र, जनुकीय सुधारित ज्वारीसाठी कायमचं बंद म्हणून आजच जाहीर करा. आज ते जाहीर करायला एक रुपया लागत नाही, कोणाचं नुकसानही होत नाही, कारण असं बियाणं अजून बाजारात नाही.

शेवटची, राष्ट्रीय धोरणावर राज्य केंद्राला जे कळवेल त्याचा मसुदा मराठीत प्रसिद्ध करा आणि ग्रामसभांना त्यावर ठराव करायला दोन महिने द्या. आमच्या ग्रामसभेत हा विषय आम्ही मांडणारच आहोत.

या पत्राचं उत्तर पुढच्या खरीपपूर्व बैठकीच्या आधी लेखी मिळावं. कोणती मागणी मान्य, कोणती नाही, आणि नाही तर का, एवढं त्यात असावं. गटातल्या आम्ही सगळ्यांनी यंदाही बिगर बीटी कपाशीच लावायची ठरवली आहे. बांधाकडेच्या ओळी सोडल्या आहेत, बियाण्याच्या पिशव्यांच्या चिठ्ठ्या आणि पावत्या जपून ठेवल्या आहेत. आपल्या खात्याचा कोणी अधिकारी पाहायला येणार असेल तर फुलं लागायच्या काळात, सप्टेंबरमध्ये यावा. आमच्या रानातली आणि शेजारची, दोन्ही कपाशी त्याला सोबत फिरून दाखवू.

आपली विश्वासू,
एक सेंद्रिय शेतकरी
ता. बार्शी, जि. सोलापूर